सेकंदाचा हजारावा भाग

ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणत. बावीस वर्षं त्यांनी नवऱ्याबरोबर फोटो स्टुडिओ चालवला. पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढू लागले, स्टुडिओला टाळं लागलं आणि पन्नाशी उलटल्यावर काकू एका सर्वेक्षण कंपनीत रुजू झाल्या. काम खुर्चीतलं. ड्रोनने काढलेले फोटो निवडायचे, जोडायचे आणि पुढे पाठवायचे.

एकदा नदीवरच्या जुन्या दगडी पुलाचं काम आलं. खांबांना कुठे भेगा पडल्यात का, ते बघायचं होतं. ड्रोन उडवणारी मुलगी, म्हणजे सगळ्यांची 'पायलट', दोनशे फोटो घेऊन आली. काकूंनी एक फोटो मोठा करून पाहिला. मग चष्मा काढून पुसला. दोष चष्म्याचा नव्हता.

"अगं, हे दगड आहेत की ओल्या रंगावरून कुणी हात फिरवलाय?"

साहेबांनी डोकावून पाहिलं. "उजेड तर छान आलाय. कॅमेरा ऑटोमॅटिकवर होता ना? थोडे सुधारा आणि द्या पाठवून."

"साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण एक दिवस वाढवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः नदीवर गेल्या. पायलटचा चेहरा उतरलेला. "माझं उडवणं चुकलं का हो?"

"तुझा हात चांगला आहे गं. सावली बघून कॅमेऱ्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, सेकंदाचा शंभरावा भाग. तुझा ड्रोन सेकंदाला पाच मीटर जातो. म्हणजे तेवढ्यात तो पाच सेंटिमीटर सरकला. आणि आपण शोधतोय सुतळीएवढी भेग!"

पायलटने शटर हजाराव्या भागावर आणलं. फोटो काळाठिक्कर आला. मग तिने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, खूप वाढवली. फोटो उजळला, पण दगडांवर वाळू सांडल्यासारखे दाणे उठले.

"थांबू या," काकू म्हणाल्या. "ऊन या बाजूला येऊ दे. मग वेग दोन मीटरवर आण."

"बॅटऱ्या संपतील."

"चार आहेत ना? चारही संपव."

दोघी काठावर थर्मासमधला चहा पीत बसल्या. पायलटने विचारलं, "हे सगळं काकांनी शिकवलं?"

"छे! त्यांचा हात हलायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचे, 'तुम्हीच हललात.' शेवटी कॅमेरा माझ्याकडे आला आणि ते गल्ल्यावर बसले. दोघंही सुखी झालो."

अकराच्या सुमारास ऊन खांबांवर आलं. आता कमी आयएसओवरही भागत होतं. काकूंनी उजेड किंचित कमीच ठेवायला लावला. "अंधारातलं मागून थोडंफार काढता येतं. जळून पांढरं झालेलं परत येत नाही."

तिसऱ्या खांबाचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि दोघी पुढे वाकल्या. पाण्यापासून कमानीपर्यंत एक भेग गेली होती. तिच्या कडेचा चुना कुठे सुटलाय, तेसुद्धा दिसत होतं.

साहेबांनी फोटो पाहिले आणि कालचं बोलणं गिळून लगेच बांधकाम खात्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत पुलावरून बस आणि ट्रक बंद झाले. लोक कुरकुरले. काकूंचे धाकटे दीर बस चालवायचे, ते रात्री घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या फोटोपायी मला अर्ध्या तासाचा वळसा!"

"वळसाच पडतोय ना भाऊजी? पडू द्या. पूल नको पडायला."

दीर हसले, मग बोटांवर काहीतरी मोजू लागले. रोज सहा फेऱ्या त्याच पुलावरून व्हायच्या त्यांच्या.

खांब दुरुस्त व्हायला चार महिने लागले. शेवटची पाहणी करायला दोघी पुन्हा गेल्या. काम आटोपल्यावर काकू जरा संकोचून म्हणाल्या, "मला देतेस का गं उडवायला?"

पायलटने रिमोट त्यांच्या हातात दिला. ड्रोन पुरुषभर उंचीवर अर्धं मिनिट थरथरत राहिला. काकूंच्या कपाळावर घाम आला.

"घे बाई तुझं तू," त्या म्हणाल्या. पण हसू काही केल्या आवरत नव्हतं.