तुरीतला उजेड

परवा कॉलेजच्या कँटीनमध्ये एक मित्र परग्रहवासी भेटलेल्यांचे अनुभव मोबाईलवरून मोठ्याने वाचत होता. सगळे हसत होते. मला मात्र समोरच्या पोह्यांच्या वासाने रोहणा गावातलं आमचं घर आठवलं.

मी तेव्हा शाळेत होतो. चुलत ताईला पाहायला देवळीचे पाहुणे आले होते. त्याच्या थोडंच आधी तिचे वडील, म्हणजे माझे मोठे बाबा, रानडुकरांपासून पीक राखायला शेतात गेले होते. तुरीत उजेड उतरला आणि त्यातून कोणीतरी आपल्याकडे पाहिलं, असं ते गावभर सांगत होते. मला ती थाप वाटायची. पकडावं म्हणून मी उलटसुलट विचारायचो, पण ते कधी अडखळले नाहीत.

पोहे खाताना मुलाच्या मामाने विचारलं, "काऊन जी, तुमच्या वावरात विमान उतरलं म्हणे?"

दाराआड ताई जागीच थांबली. वेड्याची पोरगी कोण करणार?

"नाई जी," मोठे बाबा म्हणाले, "कोणी बॅटरी मारून राह्यला असन. मीच भेलो."

"बरं झालं! मले वाटलं, व्याही वरून येतात का काय!"

सगळे हसले. सोयरीक जुळली. मोठ्या बाबांनी बशीत चहा ओतला आणि तसाच निवू दिला. उजेडाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

तुरीत काय होतं, मला अजून ठाऊक नाही. शंका आहेच. पण त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशीच पाहिलं, असं आता वाटतं.