गाडीला ऊन लागतं

टिटवाळ्यात आमची सोसायटी झाली तेव्हा बिल्डरने आवारात सिमेंटचा एक बाक टाकला आणि जाहिरातीत त्याला ‘ज्येष्ठांसाठी उद्यान’ म्हटलं. उद्यान म्हणे! दुपारी त्या बाकावर पापड भाजून निघाला असता. रिटायर झालेल्या आमच्या बाबांना रोज चहा घेऊन तिथे बसायचं होतं, एवढीच त्यांची हौस.

मीटिंगमध्ये ते म्हणाले, “बाकाच्या पश्चिमेला कळंब लावू. तुमच्या भाषेत कदंब. भराभर वाढतो. टाकी, गटार लांब आहे, वर वायरी नाहीत. आम्हा म्हाताऱ्यांना ऊन लागतं हो. मी आहे तोवर सावलीत बसेन तरी.”

सेक्रेटरींना कळंब गावठी वाटला. त्यांना भिंतीलगत सरळसोट अशोक हवे होते. “व्हीआयपी लूक येतो, काका.” डोंबल! त्या अशोकाच्या सावलीत मांजरसुद्धा धड आडवं होत नाही. मग कुणाला डासांची धास्ती, कुणाला कावळ्यांची, कुणाला मुळांची. कुंडीतली तुळस ज्यांनी धड जगवली नाही, ते मुळांवर भाषण देत होते! शेवटी अशोकच लागले. एकेका रोपाला अख्ख्या कमिटीने हात लावून फोटो काढले.

बाबा हट्टाला पेटले. स्वतः खड्डा खणून त्यांनी कळंब लावला, उन्हाळाभर बादल्यांनी पाणी घातलं. काही वर्षांत तो तिसऱ्या मजल्याला टेकला आणि दुपारची सावली नेमकी बाकावर पडायला लागली. बाबा तिथे चहा पीत बसायचे. त्यांना तसं बघून मला फार बरं वाटायचं.

मग या उन्हाळ्यात एक दिवस पाहते तर बाक उचलून भिंतीशी नेलेला, झाडाखाली पिवळे पट्टे मारलेले आणि पहिल्याच चौकोनात सेक्रेटरींची नवीकोरी गाडी. मी तावातावाने भांडायला गेले, मागून बाबाही आले.

सेक्रेटरी हसत म्हणाले, “काका, समजून घ्या ना. गाडीला ऊन लागतं हो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी शांतपणे विचारलं, “मग तिला ग्लासभर पन्हं आणू का?”

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले. गाडी काही हलली नाही.

बाबांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि अशोकांच्या रांगेत, तापलेल्या बाकावर जाऊन बसले.