ओकसानवालीचा प्रतिग्रह

दातृत्वाची स्तुती सर्व देशांतल्या शहाण्यांनी केली आहे. प्रतिग्रहाविषयी, म्हणजे दिलेले स्वीकारण्याविषयी, मात्र ते संकोचाने बोलतात. जणू घेणे ही एक नाइलाजाची अवस्था आहे. दुसऱ्याची सेवा स्वीकारताना आपले उणेपण उघडे करावे लागते, त्याचे अनाडीपण पोटात घालावे लागते, आणि तो लहान होणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. देणाऱ्याला उदार मन पुरते. घेणाऱ्याला त्याहून काही अधिक लागते, आणि ते मी आयुष्यात एकाच व्यक्तीच्या ठायी पूर्णत्वाने पाहिले.

तिचे नाव माएंग बुन्न्ये. कोरियाच्या दक्षिण जॉल्ला प्रांतातल्या आमच्या गालचॉन गावात ती सतराव्या वर्षी सून म्हणून आली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून ती जन्मभर ओकसानवालीच राहिली. नवरा लवकर गेला. मुलगा शहरातल्या कारखान्यात. तिच्या वाट्याला टेकडीखालचे एकच भातखाचर होते. वर्षाचा तांदूळ त्यातूनच यायचा. त्यात ती तणनाशक मारू देत नसे.

दर जुलैत विद्यापीठातली मुले दहा दिवस गावात राहून शेतात राबत. ही चाल जुनी. गावसभागृहात ती झोपत, स्वतःचे शिजवून खात, आणि एक नियम व्रतासारखा पाळत: गावकऱ्यांच्या घरचा घासही घ्यायचा नाही, कारण सेवेला येऊन कुणावर भार व्हायचे नाही. कोण कुणाच्या शेतात जाणार हे ठरायचे त्या सकाळी सगळे गावकरी दणकट मुलगे मागत. ओकसानवाली म्हणे, "ज्यांना काहीच येत नाही, ती माझ्याकडे द्या."

"वहिनी, ती रोपं तुडवतील," गावप्रमुख बोंग गिलसू हसत म्हणे.

"तुमच्या लग्नात तुम्हीही माझा पाय तुडवला होतात, भावजी. अजून चालतेच आहे की मी."

त्या वर्षी तिच्या वाट्याला सहा जण आले. म्होरकी सॉक हेवॉन, समाजशास्त्राची विद्यार्थिनी. काम होते बेणणीचे: भातात माजलेले पाखड उपटायचे. पाखड हे तण लहानपणी भातासारखेच दिसते, फक्त अधिक उंच आणि अधिक हिरवे. ओकसानवालीने सकाळी दोन पाती शेजारी धरून दाखवली आणि ती शिदोरी रांधायला घरी गेली. मुलांनी नेमकी चूक केली ती अशी: जे सशक्त दिसले ते पीक समजून राखले, आणि जे किडकिडीत वाटले ते तण समजून उपटले. मोठ्या निष्ठेने, गात, माध्यान्हापर्यंत. जवळजवळ अर्धे खाचर.

बांधावरून जाताना गिलसूने तो ढीग पाहिला आणि तो ओरडू लागला. "भात उपटलंत! भात! तुम्हांला पुस्तकात भात दाखवत नाहीत का? आज संध्याकाळी सभा घेतो, उद्या विद्यापीठाला फोन. पुढच्या वर्षापासून गालचॉनमध्ये एकही विद्यार्थी नको!"

मी गावच्या शाळेत शिक्षक होतो; आरडाओरडा ऐकून मीही तिथून धावलो. मुले चिखलात गुडघाभर उभी होती, चेहरे पांढरे पडलेले. तेवढ्यात ओकसानवाली डोक्यावर टोपली घेऊन आली. तिने ढिगाकडे पाहिले. टोपली खाली ठेवली. एक रोप उचलून मुळाशी हात लावला.

"ओलं आहे अजून. भावजी, शेत कुणाचं?"

"तुमचं."

"मग रागवायचं मी. तुम्ही पाटाचं पाणी सोडा." आणि मुलांकडे वळून, "उभे काय राहिलात, बगळे आहात का? ही सगळी रोपं पाटात बुडवा. उन्हात मरतील."

रोपे पाण्यात पडल्यावर तिने टोपली उघडली: जवाचा भात, कोवळ्या मुळ्याची आंबवलेली किमची, उकडलेले बटाटे. हेवॉनने मान खाली घातली.

"आजी, आमचा नियम आहे. गावाचं काही खायचं नाही. आणि आज तर..."

"आज तर काय?"

"आज आमची लायकीच नाही."

ओकसानवाली बांधावर बसली. "बाळ, इतकी वर्षं तुमच्यासारख्यांचे हात मी घेते आहे. निम्मे हात वाकडे पडतात. मी कधी म्हटलं का, नको, मला ओझं होतंय? घेतले. आता मी वाढते आहे, तर तुम्हांला नियम आठवतो. द्यायला तुम्हांला गोड वाटतं आणि घ्यायला लाज वाटते. मग मी काय निर्लज्ज म्हणून घेत होते?"

हेवॉनने दोन्ही हात पुढे केले आणि भाताचा वाडगा घेतला. ती रडत जेवली. बाकीचेही जेवले. गिलसू पाट सोडून आला, तर ओकसानवालीने त्यालाही बटाटा दिला. "खा. ओरडून भूक लागली असेल."

जेवणानंतर तिने मुलांना डोळे मिटायला लावले. पाते खोडाला मिळते तिथे बोट फिरवायचे: भाताला तिथे इवल्या जिभेसारखा पापुद्रा लागतो, पाखडाला काहीच नसते, गुळगुळीत. "डोळ्यांना उंची दिसते. बोटांना जात कळते," ती म्हणाली. मग सहाही जणांनी आधी पाखड उपटले आणि पाटातली रोपे तिच्यामागून पुन्हा लावली. सत्तरीतली ती बाई, कमरेत दुमडलेली, पुढे पुढे सरकत होती. मी बांधावर उभा होतो आणि मला मोठ्याने श्वास घेण्याचाही संकोच वाटत होता.

सभा संध्याकाळी भरली. गिलसूचा विचार बदलला नव्हता. "वहिनींचं मन मोठं आहे, पण गावाचं पोट मोठं नाही. उद्या दुसऱ्याच्या शेतात हेच होईल."

ओकसानवाली उठली. "माझं भात गेलं. मुलांनी पुन्हा लावलं, पण निम्मं जगेल, निम्मं नाही. आता यांना हाकललं, तर ते फुकट गेलं. ही पोरं पुन्हा आली, नव्यांना शिकवू लागली, तर ते माझं पेरणं झालं. मी पेरलंय की गमावलंय, ते तुम्ही ठरवणार. सांगा."

गिलसूने टोपी काढली. "शरदात कापणीला हेच सहा जण यायचे. पुढच्या वर्षी बेणणीचा पहिला धडा यांनीच नव्यांना द्यायचा. आणि गावाने वाढलेलं खायचं. कबूल?"

"कबूल," हेवॉन म्हणाली.

ती सहाही मुले शरदात आली. पुन्हा लावलेली निम्मीच रोपे जगली होती, पीक कमी निघाले. त्या हिवाळ्यात ओकसानवालीच्या चुलीवर जव आणि रताळी अधिक शिजली. कुणी विचारले तर ती म्हणे, रताळी पचायला हलकी. त्यानंतर ती सोळा वर्षे जगली आणि प्रत्येक जुलैत तिने अनाडीच मुले मागून घेतली.

आता ते खाचर गाव मिळून कसते. दरवर्षी विद्यार्थी येतात, पहिल्या दिवशी तिथे पाखड ओळखायला शिकतात आणि दुपारी गावाने वाढलेले जेवतात.