बसवेशचा डावा हात

बसवेश माझा वर्गमित्र. लक्ष्मीपुरीत तो भुसार मालाचं दुकान चालवायचा. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे लिंगायत गळ्यात घालतात ते छोटं शिवलिंग, ठेवून पूजा करायचा. २००४ साली तोच हात पूजेत आपोआप मिटू लागला. तीन तपासण्यांत काही सापडलं नाही.

"पूजेत मनच न्हाय तुझं," त्याची आई म्हणायची. आजाराचं नाव कळलं तर हा आरोप मिटेल, एवढीच त्याला आशा होती.

नव्या डॉक्टरांकडे त्याच्यासोबत आई आणि मीही गेलो. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं. डावा हात मांडीवरून सावकाश उठला आणि पूजेत धरतात तसा छातीसमोर उघडा थांबला.

"हात कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मांडीवर की."

"हात तुमच्या नकळत वर आलाय. हा मेंदूचा आजार आहे."

"आईला सांगा तेवढं," बसवेश मिटल्या डोळ्यांनीच हसला.

आई त्या रिकाम्या तळहातासमोर हात जोडून उभी होती.