बिनकाठाची घोंगडी

म्हाळूतात्यांच्या स्वतःच्या घोंगडीला काठ नव्हता. पाटोद्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांना त्यांनी जन्मभर घोंगड्या विणून दिल्या, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना रंगीत रेघांचा काठ असे. कुणाची एक तांबडी आणि दोन पांढऱ्या, कुणाच्या नुसत्या तीन पिवळ्या. ज्याचं जे कुळ, त्याचा तो काठ. ही रीत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. आमच्या भागातल्या काही मेंढपाळ घराण्यांतच ती चालत आलेली. त्या घराण्यांनी ती पाळली आणि तात्यांनी त्यांच्याहून कडक पाळली. स्वतः मात्र कोरी, काळी घोंगडी खांद्यावर टाकून हिंडायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दिव्याखाली अंधार." आणि लगेच पावसापाण्याचं काहीतरी काढायचे.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला पाटोद्याला आले तेव्हा जी खोली मिळाली, तिची एक भिंत तात्यांच्या मागाला लागून होती. आम्ही घाटनांदूरकडचे. माझ्या आजोबांनी मेंढरांमागची काठी सोडली आणि वडिलांनी पाटी धरली, पण घरात घोंगडी लागायचीच. पहिल्याच थंडीत मी तात्यांकडे गेले. ते खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते, आणि खोलीभर चिंचोक्याच्या खळीचा वास होता.

"कुळ?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी आडनाव सांगितलं.

"आडनाव टपालवाल्याला लागतं. आजा कोणाचा, ते सांगा."

सासरचं सांगावं की माहेरचं, यात मी अडखळले. तेव्हा धागा घेऊन आडवा फिरणारा हातातला धोटा थांबला. "घाई करू नका. घरी इचारून या. चुकीचा काठ इनला तर मला झोप न्हाई लागत." मला वाटलं, ही गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत असेल. खरोखरच लागत नसे, हे पुढे कळलं.

एकदा एका लग्नाच्या गर्दीत दोन व्याह्यांच्या घोंगड्यांची अदलाबदल झाली. एकजण दुसऱ्याची घोंगडी घेऊन थेट तलवाड्याला गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ही गंमत म्हणून तात्यांना सांगितली. तात्या अर्धी ओळ तशीच सोडून उठले आणि मिळेल त्या एसटीनं तलवाड्याला गेले. दिवस मावळताना घोंगडी काखेत मारून परत आले, तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"एक दिवस दुसऱ्याची पांघरली तर आभाळ कोसळतं का, तात्या?" मी म्हटलं.

"बाई, माणूस घोंगडीत झोपला की त्या कुळाचे मेलेले येऊन बघत्यात, आपलंच लेकरू हाय का. दुसरं निघालं तर इचारत्यात, तू कोणाचा? जवाब न्हाई आला तर उठवून संगं नेत्यात."

मी हसले. शिकलेल्या बाईनं अशा वेळी हसायचं असतं. पण त्या हिवाळ्यात मी माझ्या घोंगडीचा काठ दोनदा उलटून पाहिला, हे कबूल करते.

तात्यांची बायको पार्वतीबाई लवकर गेल्या. तीन लेकरांतली दोन पाळण्यातच गेली होती, उरली ती एकटी संगीता. ती नर्स झाली, पुण्याला गेली, तिथून स्कॉटलंडला. आणि दोन वर्षांनी तिनं कळवलं की कॅलम नावाच्या तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलंय. गावाला चघळायला विषय मिळाला. नवरदेव लग्नात चौकड्याचा परकर नेसणार म्हणे, हे कुणीतरी मोबाइलवर बघून आलं होतं. तात्यांनी फोटो डोळ्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "परकर असू दे. लोकर चांगली हाय."

लेक इतक्या लांब, परक्या माणसाच्या घरी निघालेली, आणि हा बाप मनापासून खूश. मला त्याचं नवल वाटायचं. त्या दिवसांत एकच वाक्य ते पुन्हापुन्हा म्हणत: "तिथं कुणी कुळ इचारत न्हाई." तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कुळ विचारून दमवणारा माणूस हे सुटकेनं म्हणत होता.

मग ते पत्र आलं. टपालानं, कागदावर, शाईनं लिहिलेलं. कॅलमच्या आजीचं. संगीता दवाखान्यात दिवसपाळी, रात्रपाळी करत होती. आजीनं परस्पर पत्र टाकलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. तात्या पाकीट घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी चष्मा लावला आणि ऐटीत वाचून मराठीत सांगू लागले.

आजीनं घरची हकिकत लिहिली होती. त्यांच्याकडे प्रत्येक घराण्याचा वेगळा चौकडा असतो, रंग वेगळे, रेघा वेगळ्या. लग्नाकार्यात माणसं आपापल्या कुळाचा चौकडा नेसतात. कॅलमनं वडिलांकडचा नेसावा की आईकडचा, यावर घरात महिनाभर धुसफूस चालली होती, कारण आईकडचं घराणं जुनं आणि वडिलांकडचे रंग देखणे. शेवटी आईकडचा ठरला. इथपर्यंत तात्या मान डोलावत होते. "आपल्यासारखीच माणसं हायत," म्हणाले. मग मी पुढचं वाक्य सांगितलं.

"संगीताच्या वडिलांनी त्यांच्या कुळाचंच कापड पांघरून यावं, आम्हाला आनंद वाटेल."

खालच्या दोन-तीन ओळींचं अक्षर फार बारीक आणि वळणाचं होतं. मी त्या सोडल्या. "बाकी नमस्कार-चमत्कार," म्हणाले.

तात्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडचा माग बंद झाला. इतकी वर्षं ज्या खटखटीवर मी कुरकुर केली, ती थांबल्यावर घर खायला उठलं. मी डोकावले तर ते मागावर नुसतेच बसलेले. समोर एक काठ विणायला घेतलेला, हातभर विणून उसवलेला, परत विणलेला, परत उसवलेला. लोकरीचा पार भुगा झाला होता.

"तिथं कुणी तपासतं का, बाई?" त्यांनी विचारलं. "म्हंजी वही असती का त्यांच्याकडं? कोणाचा काठ कोणता, अशी?"

असते, मी म्हटलं. तिथल्या दुकानांतून जाड पुस्तकं असतात, आडनावावरून चौकडा काढून देतात. हे मी मोठ्या हौसेनं सांगितलं, आणि त्यांनी समोरचा काठ पुन्हा उसवायला घेतला. त्या आठवड्यात ते जेवले किती, देव जाणे. एके दुपारी म्हणाले, "लेकीला कळवा, पासपोर्ट आला न्हाई." पासपोर्ट त्यांच्या कोनाड्यात होता, मीच फॉर्म भरला होता. मी भ्याले. हा माणूस अंथरूण धरणार, अशी मला खात्री वाटू लागली.

"तात्या, झालंय काय?"

त्यांनी उठून दार लोटलं. पेटीच्या तळातून एक घोंगडीचा तुकडा काढला, लहान मुलाला गुंडाळतात तेवढा. जीर्ण, जागोजागी कसर लागलेला. दोन्ही टोकं कात्रीनं कापलेली होती.

"यात्रेत सापडलो मी, ह्याच्यात. बोलता बी येत न्हवतं. माझ्या बापानं, म्हंजी ज्यानं वाढवलं त्यानं, उचलून आणला. तो इणकर. त्यानं पयलं काय बघितलं असंल? काठ. कोणाचं लेकरू, ते काठावर कळलं असतं, नेऊन दिलं असतं." त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "कुणीतरी बसून कापलाय बाई. सरळ कापलाय. घाईत न्हाई कापला."

त्यांनी तुकड्याची घडी करून मांडीवर ठेवली.

"बापाला भावकी म्हणली, पोरगं सांभाळ, पण आपला काठ देऊ नको. बाप मानला. मला कोरी इणून दिली. पुढं लगीन ठरवताना सोयऱ्यास्नी त्यानं सोताचंच कुळ सांगितलं, आन् मी गप बसलो. पार्वतीची दोन लेकरं गेली तवा मला वाटलं, आमचं दोघांचं रगताचं कुळ एकच निघालं. देवानं पकडलं मला. तिला कधी सांगितलं न्हाई. पोरीला बी न्हाई."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना कुळ विचारता? सापडेल म्हणून?"

"सापडंल म्हणून इचारायचो आन् सापडंल म्हणून भ्यायचो. सापडलं असतं तर इचारावं लागलं असतं, मला का म्हणून टाकलं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आन् मेल्यावर पंगत कुळानं बसती. मला कोण सरकून जागा देणार?"

घरी येऊन मी, त्या दिवशी वाचताना काढून ठेवलेला पत्राचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, पहिल्यांदाच सगळा वाचला. आजीनं लिहिलं होतं की त्यांनी आपल्या कुळाचं कापड पांघरलं तर आनंद वाटेल. 'तर' मी खाल्ला होता आणि 'च' पदरचा घातला होता. वर्गात दिवसभर 'हेच बरोबर, असंच लिहा' म्हणून म्हणून माझ्या जिभेला त्या 'च'ची खोडच लागली आहे. आणि मी सोडलेल्या ओळी अशा होत्या: असं कापड नसलं तरी काही बिघडत नाही, अंगावर काहीही घाला पण या, आमच्याकडेही पुष्कळांना आपलं कुळ माहीत नाही.

हे तात्यांना सांगणं भाग होतं. एका अक्षरानं मी त्यांच्याकडून साठ-पासष्ट वर्षांचं गुपित उकरून घेतलं होतं. सांगितलं. त्यांनी पत्राच्या घड्या उलगडल्या.

"येकच अक्षर?"

"एकच."

"लई महागाचं अक्षर हाय बाई तुमचं." हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "जातो मी. पण माझी हीच घेऊन. कोरी."

लग्नात काय झालं ते मला संगीतानं सांगितलं. सगळे पुरुष रंगीबेरंगी चौकड्यांत आणि तात्या काळी घोंगडी छातीशी आवळून भिंतीला टेकलेले, शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखे. आजी जवळ येऊन बसली. विणकामाची तिला पारख होती. तिनं घोंगडीची वीण बोटांनी पाहिली, मग कड पाहिली आणि विचारलं, यात तुमच्या कुळाचे रंग कुठे? आजीचा प्रश्न संगीतानं मराठीत सांगितला. तात्यांना उत्तर द्यायचं तर ते लेकीच्याच तोंडून जाणार होतं.

"मला वाटलं, दादा दोन शब्द बोलतील," संगीता म्हणाली; बापाला ती दादा म्हणे. "ते यात्रेपासून सुरू झाले. मी आजीला सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच कळत गेलं. आई, माझी ती भावंडं, सगळं. एका ठिकाणी मी थांबले. दादा म्हणाले, थांबू नको, सांग तिला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता."

ऐकून झाल्यावर आजीनं आपल्या खांद्यावरच्या चौकड्याच्या कापडाची एक पट्टी कातरून त्यांच्या हातात ठेवली. हिरव्यानिळ्या रंगाची, मधून बारीक पांढरी रेघ. आमच्या चुलीपाशी बसला तो आमचा, असं आमच्यात मानतात, म्हणाली. तात्यांनी पट्टी घेतली, पण अंगाला लावली नाही.

परत आल्यावर त्यांनी ती मला दाखवली. मी म्हटलं, लावून टाका की घोंगडीला.

"लावली तर त्यांचे मेलेले येतील बघाया," ते म्हणाले. "आन् इंग्रजीत इचारतील. मी काय सांगू?"

मी हसत सुटले. तात्या हसत नव्हते. डोळ्यांत तीच तलवाड्याहून परतलेल्या दिवसाची भीती होती.

थोड्या दिवसांनी ते माझ्या दारात आले. "बाई, 'मी यांचा' असं इंग्रजीत कसं म्हणत्यात?"

"आय ॲम देअर्स."

"आय ॲम देअर."

"देअर्स. शेवटी स आहे. स गेला की अर्थ बदलतो. नुसतं देअर म्हणजे तिथं. 'मी तिथं आहे' असं होतं."

त्यांनी रोज सराव केला. माग पुन्हा सुरू झाला होता आणि त्याच्या खटखटीतून ते वाक्य मला भिंतीतून ऐकू यायचं. स दर वेळी गळायचा. मी भिंतीवर टकटक करून ओरडायचे, "स, तात्या." पलीकडून पुन्हा, आय ॲम देअर.

गेल्या पौषात छातीच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं. संगीता आली. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. तात्या त्याच काळ्या घोंगडीखाली निजले होते, आणि तिच्या एका टोकाला ती पट्टी शिवलेली होती. टाका त्यांचाच, इतका बारीक की दोरा दिसत नव्हता. डोळे दाराकडे लागलेले. चेहऱ्यावर इतकी भीती मी दुसऱ्या कुणाच्या पाहिली नाही.

"आले का?" त्यांनी विचारलं. कोण, ते मला आणि संगीताला विचारावं लागलं नाही. तिनं त्यांचा हात धरला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखं.

"आय ॲम देअर," ते म्हणाले.

"स, तात्या," मी म्हटलं. "स म्हणा."

त्यांनी ओठ जुळवले. दातांमधून हवा बाहेर आली, लांब, हळू, आणि परत आत गेली नाही.

संगीता म्हणते, तो स होता. आजीलाही तिनं तसंच कळवलं. पोरांच्या वह्यांतली चूक मला लांबूनही दिसते, पण त्या दिवशी मी हातभर अंतरावर होते आणि तो स होता की नुसता श्वास, ते मला सांगता येत नाही. भिंतीपलीकडे आता काही वाजत नाही. त्यांना कुणी विचारलं असेल का, आणि मी शिकवलेलं त्यांना पुरलं असेल का, याची मला अजून भीती वाटते.