पाच घरांची भांडी

शहापूरच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा माझा राग सदा नाकावर असायचा. तालुक्यात फाडफाड इंग्रजी बोलणारी बाई म्हणून मी थोडी चढूनही गेले होते. त्यामुळे एके दिवशी मामलेदार कचेरीतून बोलावणं आलं, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. एकोणीसशे साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता.

कचेरीत दिल्लीहून आलेले एक साहेब बसले होते. मूळचे दक्षिणेकडचे, हडकुळे, जागरणाने डोळे खोल गेलेले. देशांनाच कर्ज देणारी एक परदेशी बँक आहे, तिचं आपल्या देशावर मोठं कर्ज आहे, असं त्यांनी मला सांगितलं. हप्ता जवळ आला होता, आणि धान्य तर बाहेरून आणावं लागत होतं. हप्त्याला दोन वर्षांची मुदत मिळाली, तर त्या पैशांत गहू आणि खत येणार होतं. बँकेचा माणूस बैठकीसाठी मुंबईत उतरला होता. कागद पुष्कळ पाहिले, आता एक गाव दाखवा, असं त्याचं म्हणणं पडलं.

"वर्षभर झटतोय मी यासाठी," साहेब म्हणाले. "तो उद्या जे बघेल, तेच परवा बैठकीत बोलेल. गावातले लोक सांगतील तेवढं तुम्ही इंग्रजीत सांगा."

गाव ठरलं टोकावड्याच्या अलीकडचं. तिथे निम्मंही भात हाती लागलं नव्हतं. तलाठ्याने आदल्या दिवशी जाऊन गावाला सांगितलं, की परदेशातून पाहुणे येतायत, आपल्या देशाची पत बघायला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पत बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर काय करायचं, हे गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलगी बघायला सोयरे येतात तेव्हा जे करतात, तेच त्यांनी केलं.

आमची जीप पोचली, तर ठरलेल्या घराचं अंगण सारवून लख्ख आणि तिथे चार बैलजोड्या बांधलेल्या. ओसरीवर चिंचेने घासलेले पितळी हंडे रांगेत मांडले होते. कोपऱ्यात छातीइतकी उंच कणगी, भाताने शिगोशीग भरलेली. पन्नाशीची घरधनीण ठेवणीतलं लुगडं नेसून दुधाचा चहा घेऊन उभी होती. कुंपणाला सगळं गाव लोटलं होतं.

बँकेचा माणूस पांढऱ्या केसांचा, उंच, युरोपातल्या कुठल्याशा थंड मुलखातला. त्याने बैल पाहिले, हंडे पाहिले, कणगीतलं मूठभर भात हातात घेऊन पाहिलं. मग तो साहेबांना मवाळपणे म्हणाला, "तुमच्या कागदांवरून मला वाटलं होतं, इथे माणसं उपाशी असतील."

 साहेबांनी चहाची भरलेली कपबशी खाली ठेवली.

मी मात्र हंड्यांकडे बघत होते. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. त्या पाच हंड्यांवर पाच निरनिराळ्या घरांची नावं होती. पाहुण्याला ती नक्षी वाटली असावी, आणि साहेबांचं भांड्यांकडे लक्षच नव्हतं.

मी त्या बाईंच्या मागोमाग चुलीपाशी गेले. "मावशी, हे हंडे कुणाचे?"

"पावणे यायचे व्हते, म्हनून मागून आनले."

"आणि बैल?"

"एक जोडी आमची."

"आणि कणगी?"

त्या चुलीकडे बघायला लागल्या. "वरती हातभर भात हाय. त्ये बी शेजाऱ्यांचं. खाली पेंढा."

माझा तोल गेला. तुम्ही देशाचं वाटोळं केलंत, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, पावण्याला काय रिकामी कणगी दाखवू? माझी पोर लग्नाची हाय. तिला बघून गेलेली मानसं शेजारच्या गावातून आलीत, भाईर उभी हायेत. त्यांच्यासमोर घर उघडं पाडू?"

तेव्हा कुठे मी खाली बसले. माझं सगळं इंग्रजी बाजूला ठेवून त्यांना सांगितलं, की हा माणूस सोयरीक करायला आलेला नाही. आपण त्याच्याकडे मुदत मागतोय, आणि भरली कणगी बघून कुणी मुदत देत नाही. पण मी तुम्हाला भाग पाडणार नाही, हेही सांगितलं. तेवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदर खोचून बाहेर गेल्या, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घालून पेंढ्याचा पुंजका वर काढला.

"सांगा त्यांना," त्या मला म्हणाल्या. "भात आमचं नाय. हंडं पाच घरचं, बैल तीन घरचं. आमचं पीक गेलं. आन ह्ये बी सांगा, का मागाया गेले त एकानं बी नाय म्हटलं नाय."

मी शब्दन् शब्द सांगितला. पाहुण्याने विचारलं, शेजाऱ्यांनी का दिलं?

"का नाय देनार?" मावशी म्हणाल्या. "आमी नेलेलं परत करतो."

तो माणूस खळखळून हसेल किंवा रागावेल, असं मला वाटलं होतं. त्याने फक्त पेंढा हातात घेतला आणि म्हणाला, की वीस वर्षं तो देशादेशांच्या कणग्या बघत फिरतोय, पण आत हात घालून दाखवणारं हे पहिलंच घर. मग तो ओसरीवर मांडी घालून बसला आणि पावसाबद्दल, बियाण्याबद्दल तासभर विचारत राहिला. साहेबांनी तो गार चहा एका घोटात संपवला.

चार महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. मुदत मिळाली होती. ती त्या अंगणात मिळाली असं मी म्हणणार नाही, तसल्या बैठकांत कशाने काय होतं हे मला कुठलं कळायला. पण त्या दिवसानंतर पाहुण्याने आपल्या आकड्यांवर एकदाही शंका घेतली नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं.

रविवारी मी बस धरून मावशींना सांगायला गेले. त्या शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजत होत्या. पोरीचं लग्न वैशाखात झालं होतं, आणि तिला बघून गेलेल्या त्याच घरी. पत्र वाचून दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला. मग त्या काठीने राख सारखी करत म्हणाल्या, "म्हंजे दोन वर्सांनी आपन देनार ना, बाई?"

"देणार."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागल्या. परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आलं, की आपण देशाच्या वतीने शब्द देऊन बसलो आहोत. पुढची दोन वर्षं मी वर्तमानपत्रातल्या कर्जफेडीच्या बातम्या जीव मुठीत धरून वाचल्या. हप्ता चुकला असता, तर दिल्लीने काय सांगितलं असतं कोण जाणे, पण मला त्या शेताच्या बांधावर जाऊन मावशींना तोंड दाखवावं लागलं असतं.