राखाडी चौकोन माझे होते

तिचं अक्षरही चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी कुठल्या मनाने लिहितेय ते लपून राहणार नाही. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. ती मुंबईची, विद्यापीठात संख्याशास्त्रातली पोस्टडॉक. मी पुण्याची, मास्टर्स उरकून जवळच्याच वन-नॉर्थ भागातल्या एका छोट्या संस्थेत चिकटलेली. घरमालकीण आंटी माझ्याशी कचऱ्याबद्दल बोलायची आणि तिच्याशी आपल्या नातवाच्या गणिताबद्दल. माझी आई व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा विचारायची, "ती कुठंय गं? जेवली का?" मी जेवले का, हे नंतर.

तरी तेव्हा आमचं बरं चाललं होतं. ती वरण करायची, मी पोळ्या. तिला पोळ्या जमत नसत, आणि त्याचा मला आनंद होता. एवढ्यावर माझं भागत होतं. पण मग ती माझ्या ऑफिसात आली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. कॉलेजात असताना वस्त्यांमधल्या पाण्यासाठी भांडणाऱ्या एका संघटनेत गेले आणि तिथल्या ताईंनी माझ्या हातात पेन दिलं. त्या म्हणायच्या, "पत्रकाला एकच मागणी असते, आणि ती कुणाकडे आहे ते वरच्या चार ओळींत कळलं पाहिजे. मागणी नसेल तर ते पत्रक नाही, लग्नपत्रिका आहे." सिंगापूरला आले तरी माझं डोकं तसंच चालायचं. कुठलाही कागद समोर आला की मी आधी बघायचे, यात मागणी काय आहे.

आमच्या संस्थेकडे तेव्हा एक तक्ता होता. दोन हजार पंधरात जगातल्या देशांनी विकासाची उद्दिष्टं ठरवली: गरिबी, पाणी, शाळा, बाळंतपणं, सगळं. पुढे कोण किती पोचलं ते बघायचं. आम्ही फक्त छोट्या बेटांचे देश घेतले होते. एका बाजूला देशांची नावं, वर उद्दिष्टं, आणि मधल्या प्रत्येक चौकोनाला रंग. नीट चाललंय तिथे हिरवा, रखडलंय तिथे पिवळा, वाईट आहे तिथे तांबडा. आणि माहितीच नसेल तिथे राखाडी.

ती माहिती गोळा करायचं काम माझं. बेटांवरच्या कार्यालयांना मी मेल पाठवायचे, फोन लावायचे. एकीकडून उत्तर आलं की आकडेवारी बघणारा एकच माणूस होता, तो शिकायला परदेशी गेला, परतला की कळवतो. दुसरीकडची मागची पाहणी वादळाच्या आधीची होती, नंतर वस्तीच दुसऱ्या बेटावर हलली. एका ठिकाणी बाईंनी मला उलट विचारलं, "तुमच्यासारख्या किती संस्था आम्हाला हेच विचारतात, माहितीये का? तुमची उत्तरं लिहू की मोजायला जाऊ?" मला ती बाई फार आवडली.

त्यामुळे तक्ता बहुतेक राखाडीच होता. पॅन्ट्रीजवळच्या भिंतीवर त्याची मोठी प्रत लावलेली होती, आणि मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन त्याच्यासमोर उभी राहायचे. मला तो तसाच हवा होता. माझ्या दृष्टीने प्रत्येक राखाडी चौकोन ही मागणी होती. इथे कुणी आलंच नाही, माणूस पाठवा, पैसे पाठवा, मोजा. त्या बेटांचे प्रतिनिधी सिंगापुरात एका बैठकीसाठी येणार होते. त्यांच्यापुढे आणि देणगीदारांपुढे तक्त्याजवळ उभं राहून बोलायचं काम आमच्या डायरेक्टरने मला देऊ केलं होतं. देऊ केलं म्हणजे लिफ्टमध्ये म्हणाला होता, "यू टॉक, ओके? यू लाइक टु टॉक." मी ते नक्की धरलं. रोज आंघोळ करताना ते भाषण करायचे.

डायरेक्टर इथलाच, एसीमुळे बारा महिने स्वेटर घालणारा, स्वभावाने गोड माणूस. पण त्याला राखाडी रंग सहन होईना. इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाला, "आपण गृहपाठच केला नाही असं दिसतं, लाह. संख्याशास्त्रातलं कुणी ओळखीचं आहे का तुझ्या?"

आणि मीच सांगितलं. "माझ्या शेजारच्या खोलीत राहते."

ती आली, आणि सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती. तिची पद्धत तिने इतकी सोपी करून सांगितली की मलाही कळली, याचाही मला रागच आला. एखाद्या बेटाचा आकडा नसेल, तर त्याच्यासारखं दुसरं बेट शोधायचं. जमीन किती, वस्ती किती दाट, शेती आहे का, नदी आहे का, हे ताडून बघायचं. ज्याची माहिती पूर्ण आहे आणि जे सगळ्यात जास्त सारखं आहे, त्याचा आकडा उसना घ्यायचा. आठवड्याभरात राखाडी चौकोन रंगायला लागले. डायरेक्टर येताजाता भिंतीकडे बघून खूश व्हायचा. मग त्याने मला बोलावलं आणि सांगितलं की बैठकीत तीच बोलेल, पद्धत तिची आहे ना. मी दारापाशी बिल्ले वाटावेत, मला माणसांशी बोलायला छान जमतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. ठीक काही नव्हतं.

घरी तिला म्हटलं, "माझी जागा घेतलीस."

"अगं, मी मागितली का? त्यांनी सांगितलं."

"नाही म्हणायचं होतंस."

"तू म्हणाली असतीस?"

त्या दिवशी मी पोळ्या केल्या नाहीत. आम्ही दोघींनी वरण नुसतंच प्यायलं.

त्यानंतर मी तक्त्यासमोर उभी राहायला लागले ती चूक शोधायला. दुसरा काही हेतू नव्हता. एकेक देश, एकेक रंग. आणि एके सकाळी मला दोन ओळी सारख्या दिसल्या. अगदी तंतोतंत. वरची ओळ एका इवल्याशा प्रवाळबेटाची होती. त्यांचं पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून टाकीत उतरतं ते, आणि पाऊस लांबला की बोटीने येतं ते. हे मला माहीत होतं, कारण तिथल्या कारकुनाशी मी फोनवर बोलले होते. तेवढं कळलं आणि लाइन कटली होती. त्यांची अख्खी ओळ हिरवी. पाणी हिरवं, संडास हिरवे, दवाखाने हिरवे. खालची तशीच ओळ सिंगापूरची.

कारण सिंगापूरही त्या यादीत आहे. आम्ही विसरतो, पण जगाच्या हिशोबात हाही छोट्या बेटाचाच देश. आता बघा, तिच्या पद्धतीला काय दिसलं असेल. जमीन टीचभर, वस्ती खच्चून, शेती नाही, नदी म्हणावी अशी नदी नाही. त्या प्रवाळबेटाला जगात सगळ्यात सारखं कोण? सिंगापूर. त्याची माहितीही पूर्ण, एक चौकोन रिकामा नाही. उत्पन्न ताडून बघितलं असतं तर ही जोडी पहिल्याच झटक्यात फुटली असती, पण त्या बेटाच्या उत्पन्नाचाही आकडा कुणाकडे नव्हता, म्हणून तिने तो निकषच काढून टाकलेला. आणि मग क्लेमेंटीच्या आमच्या नळाचं पाणी थेट त्या टाक्यांमध्ये.

मी थांबले नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये, डायरेक्टरसमोर, सगळ्यांसमोर म्हणाले, "या बेटावर आपली एमआरटी मेट्रोही सुरू झाली का ते विचारून घ्या." आणि दोन्ही ओळींवर बोट ठेवलं.

ती उठून जवळ आली. दोन्ही ओळी वाचल्या. म्हणाली, "हो. चुकलं." बस. कारणं नाहीत, चेहरा पडणं नाही. परत जाऊन बसली आणि लॅपटॉप उघडला. मी इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघत होते तो असा सपाट गेला. चूक कबूल करण्यातही ती माझ्यापेक्षा सरस.

डायरेक्टर म्हणाला, "सिंगापूर काढून टाक, कॅन?" तिने काढलं. दोन मिनिटांत ती ओळ तांबडी झाली, आता उसनं दुसऱ्याच कुठल्या वादळाने झोडपलेल्या बेटाकडून घेतलेलं. डायरेक्टरने अंगठा वर केला. तांबडा त्याला चालत होता, हिरवा चालला होता, राखाडी तेवढा नको.

संध्याकाळी आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमध्ये, ती आधीच येऊन बसली होती. माझ्यासाठी जागा धरायला समोर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं. मी थोसाई, म्हणजे आपला डोसा, घेऊन बसले.

"मला आधी सांगायचंस," ती म्हणाली.

"का? पत्रक वाटायच्या आधी ज्याच्याविरुद्ध आहे त्याला दाखवत नाहीत."

"मी तुझ्याविरुद्ध आहे?"

"तू माझ्या जागेवर आहेस."

ती हसली. मग हसणं सोडून म्हणाली, "मग आता काय? तांबडा तर तांबडा. निदान लोकांचं लक्ष जाईल. राखाडी बघून कुणी थांबत नाही गं, पुढे जातात."

"सकाळी हिरवं, दुपारी तांबडं. तिथे एक टाकी तरी हलली का? उद्या तुझा तांबडा बघून कुणीतरी दवाखान्याला पैसे देईल आणि त्यांना हवं असेल पाणी. हिरवा राहिला असता तर तेही नाही. मोजायला कुणी जाणारच नाही, कारण आकडा आहे ना आपल्याकडे."

"तुला राखाडीच हवंय, कारण त्यावर तुला ओरडता येतं."

"हो. मग?"

तिने थोसाईचा एक तुकडा चटणीत फिरवला. माझ्या ताटातला. "राखाडी चौकोनाचं काय सांगायचं लोकांना? 'माहिती उपलब्ध नाही' असं म्हटलं की झोपतात सगळे."

"ते म्हणूच नये. म्हणावं, इथे कुणी आलेलंच नाही. माहिती काय डोंगराआड लपून बसलीय? ती आहे तिथेच, बायका पाण्याच्या रांगेत उभ्या आहेत. आपण गेलो नाही." हे माझ्या आंघोळीच्या भाषणातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. मी ते असंच चटणीवर खर्च करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती डायरेक्टरच्या खोलीत गेली. दार काचेचं होतं, मला तोंडं दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. तो हात हलवत होता, ती हलत नव्हती. बाहेर आली आणि मला एवढंच सांगितलं, "म्हटलं, खाली माझं नाव टाकणार असाल तर रंग मी ठरवीन. ज्या बेटाला खरंच जवळचं बेट सापडलं तिथे अंदाज, आणि तो अंदाज आहे हे कळायला त्यावर बारीक रेघा. बाकी राखाडी." तक्ता परत छापायला गेला. राखाडी परत आला. मी जिंकले होते. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण बोलणार तरीही तीच होती. मी महिनाभर ज्याच्यासाठी कुरकुरत होते ते तिने एका भेटीत करून टाकलं. तिच्या नावाला वजन होतं. मी हेच म्हटलं असतं तर डायरेक्टर गोड हसला असता आणि स्वेटरची बटणं लावली असती.

बैठकीच्या दिवशी मी दारात बिल्ले वाटले. त्या प्रवाळबेटाच्या प्रतिनिधी एक उंच, फुलाफुलांच्या झग्यातल्या बाई होत्या. त्यांनी बिल्ला पर्सला लावला आणि सरळ तक्त्याकडे गेल्या. आपली ओळ शोधली. सगळी राखाडी बघून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हालाही आमचं काही मिळालं नाही?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर होतं. पण तेवढ्यात माइक सुरू झाला आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या.

ती छान बोलली. मी दाराला टेकून ऐकत होते आणि मनात तिच्या चुका मोजायच्या ठरवल्या होत्या, पण मोजायला काही मिळेना. आधी तिने आपली चूक सांगितली, सिंगापूरचं पाणी कुठे पोचलं होतं ते. लोक हसले. त्या बाईही हसल्या. मग तिने राखाडी ओळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माहिती लपून बसलेली नाही. ती आहे तिथेच, पाण्याच्या रांगेत उभी आहे. आपण गेलो नाही."

हॉलमधली डोकी फोनमधून वर आली. माझ्या वाक्याने. तिच्या आवाजात.

त्या बाई उठल्या. "मग कोण येणार?" त्यांनी विचारलं. "आणि कधी?" डायरेक्टर देणगीदारांकडे बघायला लागला. देणगीदार एकमेकांकडे. शेवटी त्यातला एक जण म्हणाला की पाण्याच्या पाहणीचं बोलू, जेवणाच्या सुट्टीत बसू. आणि खरोखर बसले. मी लांबून बघितलं. त्या बाईंनी कार्ड तिचं घेतलं.

घरी जाताना तक्त्याची गुंडाळी आम्ही दोघींनी दोन टोकांनी धरली होती. बसमध्ये ती आडवी मावेना, म्हणून उभी धरून मध्ये घेतली. आम्ही तिच्या दोन बाजूंना.

"तुझं वाक्य वापरलं," ती म्हणाली. "चाललं ना?"

"विचारायचंस."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

मी खरंच विचार केला. बाहेर विद्यापीठाचा थांबा गेला, पोरं चढली, गुंडाळीला धक्का लागला तशी आम्ही दोघींनी ती घट्ट धरली.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणून नाही विचारलं." तिने बेल दाबली. "पोळ्या करशील का आज? नुसतं वरण नाही पिववत आता."

मी केल्या. तिच्यासाठी केलेली पहिली मुद्दाम थोडी करपवली.